घाम, तहान आणि हाडे

व्यायामाने हाडे मजबूत होतात आणि दुधातून कॅल्शियम मिळते, ही दोन विधाने मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असतात आणि दोन्ही खरीही आहेत. मात्र त्यांच्याशी न जुळणारी काही उदाहरणे डोळ्यांसमोर असूनही त्यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. रोज तीन-चार तास सायकल दामटणाऱ्या स्पर्धकांच्या कण्याची आणि खुब्याची घनता मोजली असता ती अनेकदा त्यांच्याच वयाच्या, विशेष व्यायाम न करणाऱ्या पुरुषांपेक्षा कमी भरते; लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींच्या नडगीला कोणताही अपघात न होता तडे जातात; आणि व्यायामात पाणी जितके अधिक प्यावे तितके चांगले, ही समजूत पाळणारे काही धावपटू शर्यतीच्या शेवटी पाण्यानेच बेशुद्ध पडल्याच्या नोंदी आहेत. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की या तिन्ही गोष्टींचे मूळ एकाच व्यवस्थेत आहे. शरीर प्रथम रक्तातील द्रवाचे घटक सांभाळते, त्यासाठी जे कमी पडेल ते हाडांकडून उचलते, आणि उचललेले परत भरण्याची त्याला घाई नसते. म्हणून व्यायाम करणाऱ्याच्या हाडांविषयी बोलायचे तर त्याच्या घामाविषयी, तहानेविषयी आणि ताटाविषयी एकत्रच बोलावे लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे एक ते सव्वा किलो कॅल्शियम असते आणि त्यापैकी ९९ टक्के हाडांत व दातांत, फॉस्फेटशी संयोग पावलेल्या स्फटिकांच्या रूपात, घट्ट बसलेले असते. उरलेला एक टक्का रक्तात, पेशींच्या भोवतीच्या द्रवात आणि पेशींच्या आत वावरतो, पण जीव त्याच्यावर अवलंबून असतो. स्नायूचे आकुंचन, मज्जातंतूंचा संदेश, रक्ताची गुठळी होणे आणि हृदयाचा प्रत्येक ठोका यांपैकी काहीही त्याच्याविना होत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात राखले जाते. त्यातलाही जवळपास निम्मा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, आणि उरलेला मोकळा, विद्युतभारित भाग हाच खरा कामाचा. त्याला आयनीभूत कॅल्शियम म्हणतात. रक्ततपासणीच्या कागदावर बहुधा एकूण कॅल्शियमचा आकडा छापलेला असतो आणि तो हाडांच्या स्थितीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, हे येथेच नोंदवलेले बरे, कारण तो आकडा ठीक दिसला म्हणून निश्चिंत होणारे लोक पुष्कळ आहेत. हाडे पोकळ होत असतानाही रक्तातील कॅल्शियम सहसा ठीकच असते, कारण ते ठीक राखण्यासाठीच हाडे खर्ची पडत असतात.

कॅल्शियमवाचून हृदय चालत नाही, हे ज्या प्रकारे कळले तो प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लंडनमधील वैद्य सिडनी रिंगर १८८० नंतरच्या वर्षांत बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते आणि १८८२ साली त्यांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्धही केले. परंतु नंतर उघड झाले, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नसून नळाच्या पाण्याचे होते, आणि शुद्ध पाणी वापरताच हृदय थोड्याच वेळात मंदावत जाऊन थांबत होते. लंडनच्या नळाच्या पाण्यात विरघळलेला चुना हे त्या धडधडीचे कारण होते. १८८३ साली रिंगर यांनी पुढचा निबंध लिहून ही दुरुस्ती जाहीर केली, आणि मीठ, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे जे द्रावण त्यातून सिद्ध झाले त्यात पुढे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी लॅक्टेटची भर घातली. आज तालुक्याच्या रुग्णालयात 'आरएल लावा' असे सांगून जी बाटली टांगली जाते, ती हीच. शरीराचे पाणी हे नुसते पाणी कधीच नसते आणि त्याचे मोल त्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणावर ठरते, ही गोष्ट रिंगर यांच्या प्रयोगाइतकी थेटपणे क्वचितच कुणी दाखवली असेल.

हे प्रमाण राखण्याचे काम मुख्यतः गळ्यातील अवटू ग्रंथीच्या मागे दडलेल्या चार लहानशा परावटू ग्रंथी करतात. रक्तातील आयनीभूत कॅल्शियम किंचित घसरले, की त्यांच्यातून परावटू संप्रेरक स्रवते. ते मूत्रपिंडांना लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवायला लावते, ड जीवनसत्त्वाला त्याच्या क्रियाशील रूपात आणून आतड्यातील शोषण वाढवते, आणि हाडांतील साठा मोकळा करायला लावते. यांपैकी आतड्याचा मार्ग संथ आहे आणि पोटात काही असेल तरच उपयोगाचा आहे. तातडीच्या गरजेला हाडच उपयोगी पडते. या अर्थाने सांगाडा ही घरातली तिजोरी आहे: रोजच्या खर्चाला रोकड कमी पडली की तिच्यातून काढले जाते, आणि काढणारा हात भरणाऱ्या हातापेक्षा नेहमीच चपळ असतो. ही तुलना अगदी काटेकोर धरली तरी चालते. हाड झिजवणाऱ्या अस्थिभंजक पेशी एखादा खळगा दोन-तीन आठवड्यांत कोरतात, तर तोच खळगा भरून त्यावर क्षार बसवायला अस्थिजनक पेशींना तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा मोडून पुन्हा बांधला जातो, आणि मोडण्याचे प्रमाण बांधण्यापेक्षा थोडेसे जरी सतत वाढले, तरी दहा वर्षांत त्याचा परिणाम हाडांच्या घनतेच्या चित्रात दिसू लागतो.

मग व्यायामाने हाड वाढते ते कसे? जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलेला नियम असा, की हाडाची अंतर्रचना त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलते. आणि याचा सर्वांत देखणा पुरावा टेनिसपटूंच्या दंडात सापडला. लहानपणापासून खेळणाऱ्या टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जाड असल्याचे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण अभ्यासात आढळले. दोन्ही हातांचे रक्त एकच, आहार एकच, संप्रेरके एकच. फरक फक्त भाराचा. त्यामुळे भार हा घटक इतर सर्व घटकांपासून वेगळा काढून दाखवणारे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे अवघड आहे.

भार हाडाला कळतो कसा, याचे उत्तर गेल्या काही दशकांत मिळाले आणि ते पुन्हा द्रवापाशीच येऊन पोहोचते. कठीण दिसणारे हाड आतून असंख्य सूक्ष्म नलिकांनी विणलेले असते. त्या नलिकांत अस्थिपेशींचे धागे पसरलेले असतात आणि त्यांच्याभोवती द्रवाचा अतिशय पातळ थर असतो. पाऊल जमिनीवर आदळले, की हाड डोळ्यांना न दिसेल इतके किंचित वाकते, एका बाजूला दाब पडतो, दुसरीकडे ताण पडतो, आणि नलिकांतला द्रव दाबाच्या बाजूकडून ताणाच्या बाजूकडे सरकतो. या सरकण्याचे घर्षण अस्थिपेशींना जाणवते; एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन स्रवून हाडाच्या बांधणीला आवर घालत असतात, ते स्रवणे भारामुळे कमी होते आणि बांधणीला वाट मोकळी होते. द्रव सरकायचा तर भार बदलता हवा. एकाच जागी तास न् तास उभे राहिल्याने किंवा सायकलच्या खोगिरावर बसून पाय फिरवत राहिल्याने ही हालचाल पुरेशी होत नाही, आणि पोहताना शरीराचे वजन पाणी पेलत असल्याने तर ती आणखीच कमी होते. पोहणाऱ्यांची हाडे बैठ्या माणसांच्या हाडांहून फारशी वेगळी का नसतात, याचा उलगडा त्यातून होतो.

रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ साली कोंबड्याच्या पंखाच्या हाडावर केलेल्या प्रयोगात रोज भाराची अवघी ३६ आवर्तने दिली असता हाडाने जेवढी वाढ दाखवली, तेवढीच ती शेकडो आवर्तने दिल्यावरही दाखवली. जपानी संशोधकांनी १९९७ साली उंदरांना दिवसाला केवळ पाच उड्या मारायला लावून हाडांची ताकद वाढल्याचे नोंदवले. यावरून निघणारा अर्थ असा, की हाडाला आवर्तनांची संख्या थोडी पुरते. त्याला जोरकस, वेगळ्या दिशेने आलेला आणि मध्ये विश्रांती दिलेला भार हवा असतो. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, मंगळागौरीचा झिम्मा आणि फुगड्या हे खेळ या कसोटीला उत्तम उतरतात, आणि वयाच्या दहा ते सोळा या वर्षांत, म्हणजे हाडांची बांधणी सर्वांत जोरात असताना, मुलींचे हे खेळ बंद पडून त्यांच्या जागी शिकवणीचे वर्ग येतात, ही गोष्ट या दृष्टीने चिंताजनक मानली पाहिजे. पुढच्या आयुष्यात कितीही गोळ्या घेतल्या तरी त्या वर्षांची भरपाई होत नाही.

आता घामाकडे वळता येईल. घाम हा रक्तातील पाण्यापासून तयार होतो, पण त्वचेबाहेर पडण्यापूर्वी घर्मग्रंथी त्यातील बरेचसे मीठ परत घेतात. म्हणून घाम रक्तापेक्षा अळणी असतो. व्यायामाची तीव्रता आणि हवामान यांप्रमाणे तासाला अर्धा लिटर ते दोन लिटर इतका घाम जाऊ शकतो, आणि एका लिटरमागे साधारणपणे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम व त्यामानाने अगदीच थोडे, काही दहा मिलिग्रॅमच्या घरातले, कॅल्शियम बाहेर पडते. कोकण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम अंगावरून ओघळतो, पण त्याचे बाष्पीभवन न झाल्याने शरीर थंड होत नाही आणि आणखी घाम सुटतो. विदर्भाच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो क्षणात उडून जातो, कपडे कोरडेच राहतात आणि किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. दोन्ही ठिकाणी एकच सल्ला देणारी पत्रके म्हणूनच निरुपयोगी ठरतात.

घामातून जाणारे कॅल्शियम खरोखर हाडांवर परिणाम करते का, हा प्रश्न १९९६ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या अभ्यासाने ऐरणीवर आणला. उड्यांचा एवढा खेळ असूनही त्या खेळाडूंच्या हाडांतील क्षार सरावाच्या हंगामात घटलेले आढळले, घामात उल्लेखनीय कॅल्शियम सापडले, आणि पूरक कॅल्शियम दिल्यानंतर ही घट थांबून हाडांतील क्षार पुन्हा वाढले. संघ लहान होता, त्यामुळे त्या एकाच अभ्यासावर इमारत उभी करणे धाडसाचे झाले असते. परंतु पुढे कोलोरॅडो विद्यापीठात वेंडी कोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंवर केलेल्या कामाने यातील यंत्रणा स्पष्ट केली. जोरदार व्यायाम सुरू झाल्यावर रक्तातील आयनीभूत कॅल्शियम घसरते, परावटू संप्रेरक वाढते आणि त्यापाठोपाठ हाड झिजल्याची रासायनिक खूण रक्तात उमटते. व्यायाम चालू असताना शिरेतून कॅल्शियम देऊन रक्तातील पातळी मुद्दाम स्थिर ठेवली, तेव्हा संप्रेरकाची ही उसळी मोठ्या प्रमाणात ओसरली. म्हणजे घसरण हेच कारण होते, हे सिद्ध झाले. २०१५ साली ऑस्ट्रेलियात महिला सायकलपटूंना ९० मिनिटांच्या सरावापूर्वी दुग्धजन्य पदार्थांनी भरलेली, सुमारे १,३५० मिलिग्रॅम कॅल्शियमची न्याहारी दिली असता परावटू संप्रेरकाची आणि हाडांच्या झिजेची वाढ लक्षणीयरीत्या कमी राहिली.

या निष्कर्षांना किती महत्त्व द्यायचे, याबाबत तारतम्य हवे. एका सरावात रक्तातील खुणा बदलणे आणि वर्षाअखेर हाड पातळ होणे यांमध्ये मोठे अंतर आहे, आणि आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास चालणाऱ्या गृहस्थाने यातून स्वतःसाठी काहीही धडा घेण्याचे कारण नाही. परंतु रोज दोन तास घाम गाळणाऱ्याचे गणित वेगळे आहे. दीड-दोन लिटर घामातून समजा ६० मिलिग्रॅम कॅल्शियम गेले, आणि आहारातील कॅल्शियमपैकी सुमारे पंचवीस ते तीस टक्केच आतड्यात शोषले जाते, तर ती तूट भरायला २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम, म्हणजे जवळपास कपभर दूध किंवा दही, नेहमीच्या गरजेच्या वर लागते. हे फार नाही. परंतु तो कपभर भाग सरावाच्या आधी तासाभरात पोटात गेला तर रक्त आतड्याकडून उधार घेते, आणि संध्याकाळी गेला तर तोवर हाडाकडून घेऊन झालेले असते.

दूध-दह्याच्या पलीकडे महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात कॅल्शियमचे चांगले स्रोत आहेत. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे इतर कोणत्याही नेहमीच्या धान्याच्या कितीतरी पट आहे. मात्र नाचणीतील फायटेट ते अडवून धरते, आणि मोड आणून केलेले सत्त्व किंवा आंबवलेली आंबील या अडथळ्याचा बराचसा भाग दूर करते. जुन्या घरांतून हे ज्या पद्धतीने होत असे तिला रसायनशास्त्राचा दुजोरा आहे. तिळातही भरपूर कॅल्शियम असते, पण ते मुख्यतः सालीत. संक्रांतीच्या तिळगुळासाठी बाजारातून आणले जाणारे पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तीळ त्या मानाने पोकळ असतात. पालकात आकडा मोठा दिसतो, परंतु त्यातील ऑक्झॅलेटमुळे जेमतेम पाच टक्के शोषले जाते, तेव्हा पालकाला कॅल्शियमचा स्रोत म्हणणे सोडून द्यावे. काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी किनाऱ्यावर उत्तम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची शिफारस ६०० वरून १,००० मिलिग्रॅमवर नेली, आणि दूध-दही जवळपास वर्ज्य असलेल्या ताटातून हा आकडा गाठणे कठीण जाते.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष या संदर्भात महत्त्वाचा आहे: ज्या स्त्रियांनी गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळे असे कॅल्शियम देणारे पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते, त्यांच्या मुलांची हाडे वयाच्या सहाव्या वर्षी अधिक भरीव होती. तिजोरीतली पहिली रक्कम अशा रीतीने आईच्या ताटातून येते.

तरीही, व्यायाम करणाऱ्यांच्या हाडांची सर्वांत मोठी हानी कॅल्शियमच्या उणिवेने होत नसून एकूण अन्नाच्या उणिवेने होते, हे ठामपणे सांगणे आवश्यक आहे. सरावात जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढे खाल्ले गेले नाही, तर शरीर तातडीच्या नसलेल्या कामांवरचा खर्च कापते आणि त्यात प्रजनन पहिले येते. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडांना राखणारे इस्ट्रोजेन कमी होते, आणि ज्या वयात साठा वाढायचा त्या वयात तो आटू लागतो. १९९० नंतरच्या काळात या तिन्हींच्या, म्हणजे अपुऱ्या अन्नाच्या, थांबलेल्या पाळीच्या आणि ठिसूळ हाडांच्या, युतीला स्वतंत्र नाव मिळाले आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुरुष खेळाडूंनाही हीच समस्या असते हे मान्य करून तिची व्याप्ती वाढवली. पाळी थांबणे म्हणजे सराव कसून चालल्याची खूण, असे मानणारे प्रशिक्षक आजही आढळतात. हे घातक अज्ञान आहे.

ताणजन्य अस्थिभंग, म्हणजे एका आघाताने न मोडता वारंवारच्या भाराने हाडाला पडणारा बारीक तडा, हा या सगळ्याचा दृश्य परिणाम. त्याचे पहिले वर्णन १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी केले. लांब कूच केल्यानंतर सैनिकांची पावले सुजत आणि दुखत, आणि त्या काळी क्ष-किरण नसल्याने त्यामागे हाडाचा तडा आहे हे कळायला आणखी चार दशके जावी लागली. हाड नव्या भाराला तोंड देण्यासाठी आधी कोरले जाते आणि मग भरले जाते, हे वर आलेच आहे; भार एकाएकी वाढवला तर कोरलेले खळगे भरण्याच्या आतच पुढचे आघात पडतात. अचानक सुरू झालेले प्रशिक्षण चौथ्या-पाचव्या आठवड्यात महागात पडते ते यामुळे. अमेरिकन नौदलातील ५,२०१ महिला रंगरूटांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात असे तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले.

महाराष्ट्रात याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पोलीस भरती. मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर धावण्याची परीक्षा द्यायची असते आणि तिची जाहिरात निघाली, की पहाटे पाचला जिल्ह्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या तरुणांचे थवे दिसतात. त्यांतील बहुतेक उपाशीपोटी, डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी धावतात. अंतर आठवड्यात दुप्पट करतात. नडगी दुखू लागली की स्प्रे मारून पुन्हा धावतात. नडगीच्या एकाच बिंदूवर बोटाने दाबले असता कळ येत असेल आणि विश्रांतीतही दुखत असेल, तर ते स्नायूचे दुखणे नसून हाडाचे असण्याची शक्यता असते, आणि साध्या क्ष-किरण चित्रात सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही म्हणून 'काही नाही' असा निर्वाळा मिळतो. त्या निर्वाळ्यावर विसंबून धावणाऱ्याचा बारीक तडा पुरता मोड होऊ शकतो.

पाण्याच्या बाबतीत वैद्यकाने स्वतःच दिलेला सल्ला एकदा मागे घ्यावा लागलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तहान लागण्यापूर्वीच प्या, सोसेल तितके प्या, असा उपदेश रूढ झाला आणि अमेरिकेच्या क्रीडावैद्यक महाविद्यालयाने १९९६ साली तो अधिकृतपणे मांडला. परंतु दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत बेशुद्ध पडलेल्या धावपटूंचा अभ्यास करून टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ सालीच दाखवून दिले होते, की त्यांच्या शरीरात पाणी कमी नव्हते, उलट जास्त होते. व्यायामाच्या ताणाने मेंदूतून पाणी धरून ठेवणारे संप्रेरक स्रवत राहते, मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तातील सोडियम पातळ होते, पाणी पेशींत शिरते आणि मेंदू सुजतो. यालाच सोडियमन्यूनता म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली होते, आणि शर्यतीत वजन वाढणे हे त्याचे सर्वांत ठळक लक्षण होते. अधिक धोका होता तो हळू धावणाऱ्यांना, कारण त्यांना प्रत्येक पाणवठ्यावर थांबून पिण्याइतका वेळ मिळत होता. आता सल्ला उलटला आहे: तहानेप्रमाणे प्या. तहान ही आळशी सूचना नसून रक्ताची घनता एक-दोन टक्क्यांनी वाढताच वाजणारी घंटा आहे.

या गोष्टीचा हाडांशीही संबंध आहे. शरीरातील एकूण सोडियमपैकी सुमारे एक तृतीयांश हाडांत असते, आणि रक्तातील सोडियम दीर्घकाळ कमी राहिले तर शरीर तेथूनही उचल करते. उंदरांना तीन महिने या स्थितीत ठेवले असता त्यांच्या मांडीच्या हाडाची घनता मोठ्या प्रमाणात घटल्याचे अमेरिकन संशोधकांनी २०१० साली दाखवले. मिठाचा अतिरेकही तितकाच वाईट, कारण जेवणातील दर सहा ग्रॅम मिठामागे लघवीवाटे सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जाते. घाम न गाळता लोणचे-पापड-फरसाण खाणाऱ्याला मीठ महाग पडते. दोन तास घाम गाळणाऱ्याला तेच मीठ गरजेचे असते. एकच पदार्थ एकाला पथ्य आणि दुसऱ्याला कुपथ्य ठरतो.

एक तासाच्या आतल्या व्यायामाला साधे पाणी पुरते. त्याहून दीर्घ, उष्ण आणि घामाच्या व्यायामात पाण्यात थोडे मीठ व साखर घातली तर आतड्यातून पाणी लवकर शोषले जाते, कारण आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालूनच आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागून जाते. याच तत्त्वावर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने द्रावण पाजून हजारोंचे प्राण वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एका लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. तेव्हा कित्येक पट साखरेची गोड पेये घेण्यापूर्वी डब्यामागचे बारीक अक्षर वाचावे. लिंबू-मीठ-साखर घातलेले घरगुती सरबत पुष्कळदा अधिक प्रामाणिक असते. त्यात कॅल्शियम मात्र नसते. ताकात ते असते, आणि मीठ घातलेले ताक हे पाणी, सोडियम व कॅल्शियम तिन्ही देणारे पेय म्हणून या हवामानात आजवर कुठल्याही कंपनीला मागे टाकता आलेले नाही.

क्रीडाशिक्षक, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या आणि मॅरेथॉन भरवणारी मंडळे यांच्याकडे या विषयाच्या अभ्यासकांची मागणी माफक आहे. मैदानाच्या कडेला एक वजनकाटा असावा आणि सरावाआधी व नंतर वजन घ्यावे. दोन टक्क्यांहून अधिक घट झाली तर पुढच्या वेळी थोडे जास्त प्यायला सांगावे, आणि वजन वाढले असेल तर पिणे कमी करायला सांगावे. पहाटे धावण्यापूर्वी मुलांच्या पोटात कपभर दूध किंवा नाचणीची आंबील असावी. मुलींना पाळीविषयी विचारणारी एखादी बाई प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात नेमावी, आणि पाळी सलग तीन महिने चुकलेल्या मुलीचा सराव थांबवून तिला डॉक्टरकडे पाठवावे. यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.